एकसष्टावा देश

“…मग त्या एका देशाचं काय करू, आबा?”

उखाआबा बंधाऱ्याच्या दगडावर बसले होते. पाय पाण्यात. पौषातलं पाणी, हाडापर्यंत जाणारं. पण ते असे बसले होते, जणू कोणी पाय शेकायला घंगाळात ऊन पाणी आणून ठेवलंय.

“कोणत्या देशाचं?”

“अहो, अर्धा तास झाला, काय सांगतेय मी?”

“तू साठ देशांचं सांगत होतीस. ते छान चाललं होतं.”

विभावरीला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही तिनं गिळलं.

डॉ. विभावरी टिपणीस. देशोदेशीची वाढ मोजायची, हे तिचं काम. कोणता देश वर्षाला किती पुढे सरकला, कोणता जागच्या जागी राहिला, आणि का… तीस वर्षं ती हेच करत आली होती. तिच्या नावाचा एक नियम होता. दूरदूरच्या विद्यापीठांत पोरं तो पाठ करत, परीक्षेत लिहीत.

मोठ्या सभेत कोणी विचारलं, बाई तुमचे गुरू कोण, तर ती म्हणे, “खानदेशातले एक पाटकरी. चौथी नापास.”

लोक हसत. ती हसत नसे.

पाटकरी म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटानं आणून गावच्या शेतांना देणारा माणूस. पांझरेच्या काठी, सोनदरे गावात, उखाआबा साठ वर्षं ते काम करत होते. विभावरी बावीस वर्षांची असताना नदीकाठची गावं मोजायला आली आणि तीन महिने आबांच्या ओसरीवर राहिली. वाहतं पाणी कसं मोजायचं ते त्यांनीच तिला शिकवलं. पाटात गवताची काडी सोडायची, तिच्या बरोबरीनं काठानं चालायचं, आणि पावलं मोजायची.

पुढे तिनं मोजायची मोठमोठी यंत्रं पाहिली. पण मोजणं म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे ती काडीच यायची.

आज ती कोणाला न सांगता आली होती. धुळ्याहून भाड्याची गाडी करून, पहाटेची निघून. दुपारच्या आत तिला एक उत्तर कळवायचं होतं. तिचं पुस्तक छापायला चाललं होतं, आणि छापणारे थांबले होते तक्त्यातल्या एका ओळीसाठी.

“पुन्हा सांग,” आबा म्हणाले. “सावकाश. वाढ मोजतेस म्हणजे काय मोजतेस?”

“वर्षभरात देशात जे पिकलं, जे घडवलं, जे काम मोल देऊन करून घेतलं, त्या सगळ्याची बेरीज. पुढच्या वर्षी पुन्हा बेरीज. किती वाढली ते बघायचं.”

“नथूची बायको मला दुपारची भाकर देते. ती धरलीस?”

“नाही. तुम्ही तिचं मोल देत नाही ना.”

“आणि तिनं खानावळ काढली, अन् तीच भाकर मी पैसे टाकून खाल्ली तर?”

“मग धरतो.”

“अरे वा!” आबांचा चेहरा उजळला. “आजच सांगतो तिला. म्हणावं, देश तुझ्यावाचून अडलाय.”

“आबा, थट्टा नको. हे दोष आम्हालाही ठाऊक आहेत. त्यावरही लोक काम करतात.”

“थट्टा नाही गं माय. शिकतोय… बरं, या देशाची त्या देशाशी तुलना कशी लावता? तिकडचा पैसा वेगळा, इकडचा वेगळा.”

विभावरी सरसावून बसली. हा तिच्या आवडीचा भाग होता.

“तिकडचा न्हावी एक डोकं करायला जेवढे पैसे घेतो, तेवढ्यात इथं अख्ख्या आळीची डोकी होतील. म्हणून नुसता पैसा पैशाला लावला तर फसायला होतं. आम्ही डोक्याला डोकं लावतो. भाकरीला भाकर, खोलीला खोली. तिथं किती डोकी झाली, इथं किती झाली. मग कळतं कोण खरंच किती पुढे आहे.”

आबांनी पाय पाण्यातून काढले. तिच्याकडे तोंड करून बसले.

“हे तू काढलंस?”

“नाही. माझ्या आधीच्या लोकांनी. मी त्यात थोडी दुरुस्ती केली.”

“मोठं काम आहे.” ते म्हणाले. “परक्याची भाकर आपल्या भाकरीएवढी धरायची… हे देवळात बसूनही जमत नाही लोकांना. तुम्ही कागदावर जमवलंत. फार मोठं काम आहे, माय.”

विभावरीनं मान खाली घातली. कपाटभर मानपत्रं होती तिच्याकडे. त्यांतलं एकही असं आत पोचलं नव्हतं.

“आता नियम सांग.”

“देशातली अवजारं किती वाढली, रस्ते किती झाले, माणसं किती शिकली, एवढं कळलं की तो देश किती पुढे जाईल ते माझ्या नियमानं सांगता येतं. साठ देश घेतले. चाळीस वर्षांचे आकडे. साठही ठिकाणी जुळतं.”

“अगदी जुळतं?”

“चिमूटभर उरतं. कशामुळे वाढलं ते न कळलेलं. त्याला आम्ही ‘उरलेलं’ म्हणतो.”

“नाव चांगलं ठेवलंय. आणि एकसष्टावा?”

विभावरीनं उसासा टाकला.

“समुद्रातला एक ठिपका आहे तो. खाण नाही, धड बंदर नाही. शाळांना छपरं नाहीत. माझ्या नियमानं तो देश जागच्या जागी बसायला हवा… पण अठरा वर्षं झाली, चाललाय पुढे. दरवर्षी. एखादा म्हातारा काठी न घेता डोंगर चढावा तसा. माझा नियम लावला तर त्यातलं काहीच कशानं झालं ते सांगता येत नाही. बाकीच्यांत चिमूटभर उरतं, आणि तिथं सगळं उरलेलंच.”

“खोटं सांगत असतील ते?”

“मला तसंच वाटतं.”

“वाटतं?”

“त्यांचे सगळे कागद तपासले मी. कुठेच चूक सापडली नाही.”

“मग?”

“म्हणजे नीट लपवलीय.”

आबांनी फक्त एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि तिला आपलंच वाक्य पुन्हा ऐकू आलं.

“त्यांच्या मोजणीच्या कचेरीत एक बाई आहे,” ती जरा हळू म्हणाली. “तिचं पत्र आलं होतं. आम्ही दर बाजाराला पायी जातो, घरोघर बसतो, मोजतो. आकड्यांवर विश्वास नसेल तर एकदा येऊन बघा, असं लिहिलं होतं तिनं.”

“गेलीस?”

“सवड झाली नाही.”

“साठ देश फिरून आलीस म्हणालीस.”

“…हो.”

बंधाऱ्यावरून पाणी पलीकडे पडत होतं. एकसारखा आवाज.

“ती ओळ काढली तर काय होईल?” आबांनी विचारलं.

“काही नाही. नियम शाबूत. पुस्तक पूर्ण. माझे सोबती म्हणतात, काढून टाका, कोणाच्या लक्षातही येणार नाही.”

“तुझं विचारत नाही. त्या देशाचं काय होईल?”

“त्यांचं… ज्याची ओळ नाही, त्याच्याकडे कोणी बघत नाही आबा. एवढं त्यांनी कशाच्या बळावर केलं, हे कोणी विचारणार नाही.”

“आणि ठेवली तर?”

“मग माझा नियम, नियम राहत नाही.” तिचा आवाज कोरडा झाला. “तीस वर्षं घातलीयत मी त्यात.”

आबांनी मान हलवली. ती हो म्हणणारी नव्हती, नाहीही म्हणणारी नव्हती. ऐकलं, एवढंच म्हणणारी होती.

मग काही तरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, “मागं आली होतीस तेव्हा किती गावं मोजली होतीस गं?”

“चोवीस.”

“तुझ्या पुस्तकात आमचं कितवं होतं?”

विभावरीनं नजर पाण्याकडे वळवली.

एक खंड्या समोरच्या करंजावरून पाण्यात पडला, मासा घेऊन वर गेला.

“यादीत… तेवीस होती, आबा.”

“हं.”

“तुमच्या गावात गहू फार आला होता. पाणी तेवढंच, माती तीच, बियाणं एकाच दुकानातलं. तरी पलीकडच्या काठाच्या दीडपट. काही केल्या बसेना. मला वाटलं, माझंच मोजताना चुकलं.”

“म्हणून काढलंस.”

“बावीस वर्षांची होते मी.”

“होतीस खरी. आणि पोळ्या त्याच गव्हाच्या खात होतीस. चार-चार.”

तिनं दचकून वर पाहिलं. आबांचे डोळे हसत होते. त्यात टोचणं नव्हतं, हिशेब नव्हता. मग ते मोठ्यानं हसले, खोकला येईपर्यंत.

“म्हणजे एवढी वर्षं आम्ही न मोजताच पिकवलं म्हणायचं!”

“मी दुरुस्त करते, आबा. नव्या पुस्तकात सोनदऱ्याचं नाव घालते.”

“आता कशाला? तो गहू कधीच खाऊन झाला.”

ते उठले. दगडाला टेकून ठेवलेलं फावडं खांद्यावर टाकलं. “चल. खालच्या फडाची वेळ झाली. पाणी कोणासाठी थांबत नाही.”

पाटाच्या काठानं दोघं निघाले. आबा पुढे, विभावरी मागे. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण पायवाटेवरचा प्रत्येक खड्डा पायांना पाठ होता. मधेच ते वाकत, पाटात अडकलेली काटकी काढून बाजूला ठेवत, पुन्हा चालू लागत. विभावरीच्या पाठीवर पिशवी होती आणि पिशवीत एकसष्ट देश होते.

खालचा फड गव्हाचा होता. सोनदऱ्यात शेतं फडाफडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, आणि प्रत्येक घराचा थोडा थोडा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी झालं तर एखादा फड कोरडा ठेवतात. मग झळ बसते ती सगळ्यांना सारखी.

आणि एक रीत. विभावरीनं तेव्हा ती वहीत लिहून घेतली होती. पण लिहिली होती ‘चालीरीती’ या पानावर, लग्नातली गाणी आणि पोळ्याचे बैल यांच्या मधे. गहू जास्त का आला हे शोधताना त्या पानाकडे ती वळलीच नव्हती.

रीत अशी, की या गावात आपल्या शेताला आपण पाणी देत नाही. पाणी देतो पाटकरी. आणि पाटकऱ्याचं फडात शेत नसतं. सुगीला प्रत्येक घर त्याला गव्हाच्या पेंढ्या देतं, सगळी घरं सारख्याच.

बांधावर नथू उभा होता. चाळिशीचा, पैलवानी अंगाचा. हातात फावडं.

“आबा, आज माझ्यापासून धरा. बघा कसा पिवळा पडलाय गहू. तहानेनं मरतोय!”

“हातात काय आहे?”

“फावडं.”

“कोणाचं?”

“माझंच.”

“खाली.”

एवढा मोठा बाप्या, पण त्यानं शाळेतल्या पोरासारखं फावडं खाली ठेवलं आणि हात मागे बांधले.

“हे कोण, आबा?”

“या विभाताई. मागं ओसरीवर राहायच्या, तू लंगोटीत होतास. आता सगळ्या जगाचा गहू मोजतात.”

“मग बरं झालं!” नथू पुढे सरसावला. “ताई, तुम्हीच सांगा. पाणी हवं की नको याला?”

आबांनीही विचारलं, “सांगा मास्तरीणबाई. याचं बारं उघडू का?” बारं म्हणजे चारीतून, पाटाच्या लहान फाट्यातून, शेतात पाणी सोडायचं तोंड. आबांचं फावडं त्यावर टेकलेलं होतं.

विभावरी शेतात उतरली. तिला बरं वाटलं. कोणी तरी साधा प्रश्न विचारला होता. तिनं पानं पाहिली, टोकापासून पिवळी. खालची माती पाहिली, वर पापुद्रा धरलेली, बोटानं कोरडी लागणारी. शेजारच्या शेतातलं पीक पाहिलं. तिथं माती अशीच होती, पण पानं हिरवी. तिनं मनाशी जुळवलं.

“हवंय. माती सुकलीय, पानं पिवळी पडलीत. याला आधी द्या.”

“बघा!” नथूनं मांडीवर थाप मारली. “शिकलेल्या माणसाला लगेच कळतं. आबा, तुम्हाला चष्मा घ्यायला झालाय.”

फावडं बाजूला ठेवून आबा हळूहळू खाली बसले. आधी एक गुडघा, मग दुसरा. दोन सऱ्यांमधे हात घातला. मनगटापर्यंत गेला. आणखी घातला. कोपरापर्यंत.

मग मूठ भरून वर काढली, आणि ती माती विभावरीच्या तळहातावर ठेवली. तिची बोटं आपल्या हातानं मिटली.

आणि दाबली.

तिच्या बोटांच्या फटींतून पाणी निघालं. मनगटावरून ओघळलं, घड्याळाखाली शिरलं. मातीला आंबूस वास होता, मुळं कुजल्याचा.



आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते नथूकडे बघत होते.

“कधी?”

नथूची मान खाली. “मंगळवारी. तुम्ही वरच्या फडाला होतात तेव्हा.”

“किती वेळ?”

“थोडाच.”

“नथू.”

“…दोनदा.”

“बरं.”

“माझंच शेत आहे ना आबा!” नथू कळवळून बोलला. “त्याचं वाईट व्हावं म्हणून केलं का मी? येता-जाता दिसायचं. वाटायचं, सुकतंय. राहवलं नाही.”

“तेच तर,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवलेल्या हातासारखा. “ज्याचं शेत, त्याला ते तहानलेलंच दिसतं. तुझा बापही असाच होता. त्यानं हरभरा बुडवला होता.”

“दंड काय?”

“उद्या चारीतलं गवत काढायला ये. एकटा.”

“येतो. आणि गहू?”

“जगेल. चार दिवस त्याला विसर.”

विभावरी तशीच उभी होती. मूठ मिटलेली. पाणी गळायचं थांबलं होतं, तरी तिनं मूठ उघडली नव्हती.

“पण मी काही या शेताची मालकीण नाही, आबा,” ती म्हणाली. “मग मला का तहानलेलं दिसलं?”

“तुला शेत कुठं दिसलं? तुला नथू दिसला.”

ती काही तरी बोलणार, तेवढ्यात पिशवीत फोन वाजला.

“वाजतंय,” आबा म्हणाले.

उजवा हात मातीचा. तिनं डाव्या हातानं फोन काढला, पण लगेच कानाला लावला नाही. त्यावर तिच्या सोबत्याचं नाव दिसत होतं. ज्यानं म्हटलं होतं, काढून टाका, कोणाच्या लक्षातही येणार नाही. भला माणूस होता तो. नियमावर त्यानंही वीस वर्षं घातली होती.

“आबा…”

“हं.”

“नियम माझा. आकडे चाळायची चाळण माझी. कोणता आकडा खरा, कोणता खोटा, हे ठरवणारीही मीच.”

आबा चारीकडे बघत उभे होते. पाण्यावर एक पान गिरक्या घेत होतं.

“आणि ती ओळ मला खोटीच दिसते. कितीदा पाहिली तरी.”



फोन वाजत होता. नथू एकदा तिच्याकडे, एकदा आबांकडे बघत होता. त्याला काही कळत नव्हतं, पण इथं कोणाचं तरी बारं अडलंय एवढं कळलं होतं.

तिनं फोन कानाला लावला.

“हो, मीच… नाही. ऐका आधी. ओळ काढायची नाही. एकसष्ट म्हणजे एकसष्ट.”

पलीकडून बराच वेळ कोणी तरी बोलत राहिलं.

“ठाऊक आहे मला. नियम मोडेल… मोडू दे. दुसरं सांगते. ती ओळ खरी की खोटी, हे मी ठरवणार नाही. तुम्हीही नाही. ज्यानं आपला नियम कधी शिकवला नाही, ज्याला त्याचं काही देणंघेणं नाही, असा माणूस शोधा. सगळे कागद त्याच्या हाती द्या. माझ्या चाळणीसकट… हो, चाळणही. ती आधी तपासा म्हणावं.”

पुन्हा पलीकडचा आवाज.

“छापणाऱ्यांना सांगा, थांबा. नाही थांबले तर पुस्तक जाऊ दे… नाही, मला बरं नाही असं काही नाही. शेतात उभी आहे मी.”

तिनं फोन बंद केला. बांधावर येऊन ती बसली.

“ताई,” नथूनं हळूच विचारलं, “तुम्हालाही दंड झाला की काय?”

विभावरी हसली. हसता हसता डोळे भरले, आणि पुसायला दोन्ही हात कामाचे नव्हते, एकात माती आणि एकात फोन. नथूनं खांद्यावरचा पंचा पुढे केला. तिनं तो घेतला.

आबांनी नथूचं शेत तसंच सोडलं. पुढे जाऊन पलीकडच्या म्हातारीच्या शेताचं बारं उघडलं. दोन फावडी माती बाजूला, एक फावडं पुढे. पाणी वळलं. आधी घुटमळलं, मग वाट कळल्यासारखं आत गेलं.

म्हातारी तिथं नव्हती. तिला यायची गरजच नव्हती.

विभावरी बघत राहिली. कोणाच्याही शेताचं नसलेलं ते फावडं, आणि ते धरणारे ते हात. साठ वर्षं या माणसानं दुसऱ्याचा गहू वाढवला होता. ते कोणत्याच बेरजेत आलं नव्हतं. तिच्या तर नाहीच नाही.

“आबा,” ती म्हणाली, “मोडेल माझा नियम.”

“मोडेल कदाचित.”

“मग इतक्या वर्षांनी माझ्या हातात काय राहील?”

आबा पाणी दुसऱ्या सरीत शिरेपर्यंत थांबले. मग तिसऱ्या…

“ती पत्रवाली बाई. तिच्याकडे जाशील ना आता?”

“जाईन. याच महिन्यात जाईन.”

“मग माझ्यासाठी एवढं विचारून ये, माय…”

त्यांनी फावड्यावरची माती बोटानं निपटून काढली.

“तिथं दुसऱ्याच्या शेताला पाणी कोण देतं?”